स्पा विरुद्ध स्पा: मिनरल वॉटरच्या झऱ्यांची जुनी चढाओढ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

युरोपातल्या औषधी पाण्याच्या झऱ्यांबद्दल मी गेली काही वर्षं वाचतेय. ओळखीतल्या लोकांशी हा विषय निघाला की ठरावीक प्रश्न येतातच, म्हणून ते सगळे इथे एका जागी लिहून काढलेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलंय, कुठे दोन ओळीत आटपलंय.

स्पा म्हणजे मसाज आणि फेशियल ना? त्यात चढाओढ कसली?

स्पा हे मुळात एका गावाचं नाव आहे. आजच्या बेल्जियममध्ये, आर्देनच्या डोंगराळ जंगलात, आणि त्या काळी तिथे लीएजच्या राजबिशपची सत्ता होती, म्हणजे बिशपही तोच आणि राजाही तोच. तिथलं पाणी गार, लोखंडाच्या चवीचं आणि आपोआप बुडबुडे येणारं. सोळाव्या शतकापासून लांबलांबचे लोक तिथे मुक्काम करून हे पाणी प्यायला जायचे. मग इंग्रज लोक त्यांच्या देशातल्या कुठल्याही औषधी झऱ्याला 'स्पॉ' म्हणायला लागले, आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे ना, तसंच.

आणि चढाओढ कशी नसणार? एका झऱ्यावर गाव जगायचं. खोल्या भाड्याने देणारे, घोडागाडीवाले, पाणी काढून देणाऱ्या बायका, डॉक्टर, औषधवाले, सगळ्यांचं पोट सीझनवर. पाहुणा तुमच्याकडे आला नाही म्हणजे तो दुसऱ्या झऱ्यावर गेला. त्यात झरा काही उचलून दुसरीकडे नेता येत नाही, त्यामुळे माणसांनाच ओढून आणावं लागायचं.

हे सगळं नेमकं कधीचं?

साधारण १५५० ते १८००. मी जास्त करून इंग्लंडबद्दल लिहिलंय कारण तिथली भांडणं पुस्तकांमधून छापली गेली आणि आजही वाचता येतात, पण मूळ स्पा आणि जर्मनीतलं पिर्मोंट यांच्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही.

आधी तिथे देवाच्या नावाने नवस बोलायचे म्हणतात, ते खरं का?

हो, खरंच. इंग्लंडमधल्या बक्स्टन गावी सेंट ॲनची विहीर होती. बरे झालेले लोक आपल्या कुबड्या तिथे टांगून जायचे. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या राज्यात थॉमस क्रॉमवेलच्या हुकमाने ते देऊळच बंद केलं, कुबड्या आणि नवसाच्या वस्तू काढून नेल्या आणि विहिरीला सील ठोकलं, कारण हे सगळं जुन्या कॅथलिक अंधश्रद्धेचं समजलं गेलं.

पण दुखणाऱ्या कमरेला धर्म बदलल्याचं काय कळणार, लोक परत येतच राहिले. मग त्याच पाण्याला नवी ओळख द्यायला लागली, संताच्या कृपेऐवजी खनिजांचा गुण. १५६२ मध्ये विल्यम टर्नर या डॉक्टर-पाद्र्याने स्नानांवर पुस्तक लिहिलं. कॅथलिक राणी मेरीच्या काळात तो देश सोडून जर्मनीकडे राहिला होता, तिथली नीटनेटकी स्नानगृहं त्याने बघितली होती, आणि आपल्या बाथची, म्हणजे इंग्लंडमधल्या गरम झऱ्यांच्या गावाची, हालत बघून त्याला वाईट वाटलं, इतकं चांगलं पाणी आणि इंग्रज श्रीमंत त्याच्यावर खर्चच करत नाहीत ही त्याची तक्रार. १५७२ मध्ये जॉन जोन्स या डॉक्टरने एकाच वर्षात दोन पुस्तकं काढली, एक बाथवर आणि एक बक्स्टनवर.

यात राजकारण होतं का?

भरपूर. प्रोटेस्टंट राणी एलिझाबेथच्या काळात देश सोडलेले इंग्रज कॅथलिक स्पाच्या आसपास जमायचे. तब्येतीसाठी स्पाला जायचंय म्हणून परवानगी मागायची आणि तिकडे जाऊन भलत्यांनाच भेटायचं, अशी सरकारला धास्ती. घरच्या झऱ्यांचं कौतुक व्हायला हेही एक कारण होतं, पाणी इथेच मिळतंय ना, मग समुद्रापलीकडे जायचं कशाला.

पण घरचे झरेसुद्धा संशयातून सुटले नाहीत. स्कॉटलंडची राणी मेरी कैदेत असताना १५७३ पासून अनेकदा बक्स्टनला आली, तिची सांधेदुखी खरी होती, पण तिथे तिला कोण भेटतंय यावर सतत नजर. गरिबांसाठी तर वेगळाच नियम. १५७२ च्या कायद्याने बाथ किंवा बक्स्टनला जाऊ बघणाऱ्या गरीब आजाऱ्याला दोन न्यायाधीशांचा परवाना लागायचा. एकीकडे पाणी देवाची देणगी म्हणायचं आणि दुसरीकडे दुखणाईताला परवाना मागायचा, हे वाचताना मला आजही त्रास होतो.

सगळीकडचं पाणी सारखंच नव्हतं का? भांडायला फरक काय होता?

मोठा फरक होता. बाथचं पाणी जमिनीतून ४६ अंश सेल्सिअसला वर येतं, दिवसाला अकरा लाख लिटरच्या पुढे. बक्स्टनचं २७-२८ अंश, म्हणजे कोमटच. टनब्रिज वेल्सचं गार आणि लोहाचं, एप्समचं कडू आणि जुलाब करणारं. हॅरोगेटला एक लोहाचा झरा आणि एक गंधकाचा, गरम कुंडांवर येतो तो सडक्या अंड्यांचा वास तुम्हाला माहीत असेल, त्याच्या कितीतरी पट. सिलिया फाइन्स नावाची बाई १६९० च्या दशकात घोड्यावरून अख्खं इंग्लंड फिरली, तिने लिहून ठेवलंय की हॅरोगेटच्या गंधकाच्या विहिरीजवळ तिचा घोडाच जाईना.

म्हणजे खरं बघितलं तर प्रत्येक पाण्याचा उपयोग वेगळा, भांडायची गरजच नव्हती. पण प्रत्येक गावचा डॉक्टर आपलं पाणी मूतखडा, कावीळ, स्कर्व्ही, दमा, उदासी, वांझपण, गॅसेस सगळ्यावर चालतं असं छापायचा, आणि सगळेच सगळ्यावर इलाज असल्यावर मग पेशंटने जायचं कुठे? तिथून पेटलं.

हॅरोगेटला 'इंग्लिश स्पॉ' कोणी म्हटलं?

विल्यम स्लिंग्जबी या जमीनदाराला १५७१ च्या सुमाराला तिथे एक झरा सापडला, ट्यूइट वेल. तो मूळ स्पाला जाऊन आलेला होता, त्यामुळे चव ओळखीची वाटली. पुढे टिमथी ब्राइट या डॉक्टरने त्याला इंग्लिश स्पॉ हे नाव दिलं, आणि १६२६ मध्ये यॉर्कच्या एडमंड डीनने यावर आख्खं पुस्तक काढलं, नावातच 'इंग्लिश स्पॉ'. त्याचं म्हणणं सरळ होतं की आमचं पाणी तिकडच्या स्पाच्या तोडीस तोड आहे.

गंमतीचा योगायोग म्हणजे साधारण त्याच वर्षी, त्याच यॉर्कशरमध्ये, समुद्रकाठच्या स्कारबरोला मिसेस फॅरर नावाच्या बाईंना कड्याखाली एक झरा दिसला. पाणी पडून दगड तांबूस झालेले, चव जराशी आंबट. तिने स्वतः पिऊन बघितलं, ओळखीच्यांना पाजलं. म्हणजे एकाच परगण्यात दोन स्पा, आणि गिऱ्हाईक तेच.

स्कारबरोचं भांडण इतकं प्रसिद्ध का आहे?

कारण ते नुसतं दोन गावांचं राहिलं नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात भारी भाग हाच.

रॉबर्ट विटी हा जुन्या पद्धतीचा डॉक्टर, म्हणजे गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या शास्त्राप्रमाणे शरीरातले चार रस वगैरे मानणारा. १६६० मध्ये त्याने 'स्कारबरो स्पॉ' हे पुस्तक काढलं, १६६७ मध्ये वाढवलेली दुसरी आवृत्ती. त्याच्या हिशोबाने त्या पाण्यात पाच गोष्टी: हिराकस (लोखंडाचा क्षार), लोखंड, तुरटी, सोरा आणि मीठ. आणि रोगांची यादी तर लांबलचक. पुस्तक खपलं, लोक यायला लागले.

१६६९ मध्ये विल्यम सिम्पसनने उत्तर छापलं. हा नव्या रासायनिक वैद्यकाचा माणूस, भट्टी, काचेची भांडी आणि ऊर्ध्वपातन यावर विश्वास ठेवणारा. त्याने स्कारबरोबरोबर यॉर्कशरच्या बाकीच्या झऱ्यांचंही पृथक्करण करून दाखवलं आणि म्हणाला की विटीच्या यादीत घोळ आहे, पाण्यातला मुख्य पदार्थ तुरटीसारखा क्षार आहे आणि त्याने लोखंडाच्या खनिजाचा थोडासा अंश उचललाय, हिराकस वगैरे काही नाही. विटीने त्याच वर्षी उलट पुस्तक छापलं. १६७० मध्ये तिसरा घुसला, जॉर्ज टन्स्टल. हा स्वतः स्कारबरोचं पाणी पिणारा, आणि तो विरोधात गेला, त्याचं म्हणणं असं की हे पाणी मूतखडा बरा तर करत नाहीच, उलट त्यातला दगडाचा अंश खडा वाढवू शकतो. १६७२ पर्यंत हे चालूच. लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या नियतकालिकातसुद्धा याच्यावर पत्रं छापून आली.

वरवर बघितलं तर डॉक्टरांची तू तू मैं मैं, भाषाही बरीच खालच्या पातळीची. पण यात एक गोष्ट घडली. 'माझ्या पेशंटला बरं वाटलं' एवढं सांगून आता चालेना, पाणी आटवून तळाशी काय राहतं, ते कुठल्या आकाराच्या स्फटिकात जमतं, कशात टाकलं की रंग बदलतो, हे सगळं वाचकांसमोर मांडावं लागलं. समोरचा ते स्वतः करून बघणार आणि चूक सापडली की छापणार ही भीती होती. आतलं रसायन दोघांनाही नीट कळलेलं नव्हतं, गंधकाम्ल, मॅग्नेशियम, कार्बन डायऑक्साइड ही नावंच अजून आजच्या अर्थाने आलेली नव्हती, तरी बघण्याची पद्धत या भांडणांमुळे कडक होत गेली असं मला मनापासून वाटतं.

आणि एक सांगायचं राहिलं. विटीनेच १६६७ च्या आवृत्तीत समुद्राच्या पाण्यात अंघोळ करायची शिफारस केलीय, स्वतःच्या गाउटसाठी त्याने ते करून बघितलं होतं. पुढे स्कारबरो समुद्रस्नानासाठी प्रसिद्ध झालं ते याच धाग्यावर. १७३७ च्या डिसेंबरमध्ये कडा खचला आणि स्पाची जागा उद्ध्वस्त झाली, झरा गायबच झाला होता, पण शोधून काढून पुन्हा बांधकाम केलं.

त्या काळी पाणी तपासायचे कसे?

सगळ्यात लाडकी टेस्ट मायफळाची. हो, आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात तेच मायफळ, ओकच्या झाडावरची ती गाठ. त्याची पूड लोहाच्या पाण्यात टाकली की पाणी जांभळं होतं, लोह जास्त असेल तर शाईसारखं काळं, जुनी शाई बनायचीच अशी. प्रत्येक झऱ्यावरचा डॉक्टर पाहुण्यांसमोर हा प्रयोग करून दाखवायचा.

पण यात एक मेख होती. तेच पाणी बाटलीत भरून चार दिवसांनी टेस्ट केलं तर बऱ्याचदा रंग येतच नसे. लोक म्हणायचे पाण्याचा 'आत्मा' उडाला. आज आपण सांगू शकतो की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की विरघळलेलं लोह हवेशी मिळून गंजासारखं तळाला बसतं, वरच्या पाण्यात ते उरतच नाही. त्या काळच्या झरेवाल्यांना मात्र हे आयतं हत्यार मिळालं: औषध घ्यायचं तर इथेच येऊन, पहाटे, विहिरीपाशी उभं राहून प्या. १६८० च्या दशकात रॉबर्ट बॉइलने मिनरल वॉटर कसं तपासायचं याची पद्धतशीर टिपणं छापली, त्यात अशा रंगांच्या कसोट्या बारकाईने दिल्यात.

बाथ आणि टनब्रिज वेल्समध्ये कोण वरचढ होतं?

सुरुवातीला बाथ जुनं आणि टनब्रिज फॅशनचं. टनब्रिजचा झरा १६०६ मध्ये लॉर्ड नॉर्थ या तब्येत बिघडलेल्या तरुण दरबाऱ्याला सापडला. लंडनपासून तो बाथपेक्षा कितीतरी जवळ. पुढे राणी हेन्रिएटा मरिया आली तेव्हा तिथे राहायला घरंच नव्हती, त्यामुळे राणीचा मुक्काम माळरानावर तंबूत. १६३२ मध्ये लोडविक राउझी या डॉक्टरने तिथल्या पाण्यावर पुस्तक लिहून त्याला राणीचंच नाव जोडून टाकलं. राणी येऊन गेली यापेक्षा मोठी जाहिरात नव्हती.

मूल होण्यासाठी तर राण्यांची फरफटच झाली. दुसऱ्या चार्ल्सची राणी कॅथरिन १६६३ च्या एकाच उन्हाळ्यात टनब्रिजला गेली आणि लगेच बाथलाही, दोन्हीकडे उपयोग झाला नाही, आणि त्या बिचारीवर केवढं दडपण असेल. नंतर १६८७ मध्ये दुसऱ्या जेम्सची राणी मेरी बाथच्या क्रॉस बाथ या कुंडात उतरली आणि पुढच्या जूनमध्ये तिला मुलगा झाला. बाथवाले खूश, लॉर्ड मेलफर्टने तिथे संगमरवरी स्मारकच उभारलं. पण कॅथलिक वारस जन्मल्यावर प्रोटेस्टंट देशात उठाव झाला आणि त्याच वर्षी राजाला पळून जावं लागलं.

ब्यू नॅश हा एकाच वेळी दोन्हीकडे कसा?

रिचर्ड उर्फ ब्यू नॅश १७०५ च्या सुमाराला बाथला आला. आधीचा समारंभप्रमुख कॅप्टन वेब्स्टर द्वंद्वात मारला गेला होता, ती जागा याला मिळाली. त्याने तलवारी बंद केल्या, नाच रात्री अकराला संपवायचे, भाड्याच्या खोल्या आणि रस्ते सुधारायला लावले, पहिली पंप रूम, म्हणजे झऱ्याचं पाणी प्यायचा हॉल, १७०६ मध्ये उघडली. राणी ॲन नुकतीच १७०२ आणि १७०३ ला येऊन गेलेली, म्हणजे वेळही बरोबर जमली.

१७३५ मध्ये त्याने टनब्रिज वेल्सचीही सूत्रं हातात घेतली. तिथला कारभार सांभाळणारी बेल कॉझी ही बाई आदल्याच वर्षी वारली होती. सीझन वेगळे होते म्हणून हे जमलं, टनब्रिज उन्हाळ्यात आणि बाथ वसंत नि शरद ऋतूत. दोन स्पर्धकांनी वर्ष वाटून घेतलं आणि मधला माणूस एकच, माझ्या मते या चढाओढीतला हा सगळ्यात शहाणा तोडगा. त्याचं उत्पन्न बरंचसं जुगारात होतं, १७३९ आणि १७४५ च्या जुगारविरोधी कायद्यांनी त्याचे हाल झाले, १७६१ मध्ये गेला तेव्हा हातात फारसं काही उरलं नव्हतं, पण बाथने त्याचा अंत्यविधी थाटात केला.

पाण्यात इतके लोक उतरायचे, स्वच्छता?

लंडनचा सरकारी अधिकारी सॅम्युअल पीप्स १६६८ मध्ये बाथला गेला तेव्हा त्यालाही हाच प्रश्न पडला, इतकी शरीरं एकाच पाण्यात म्हणजे स्वच्छ कसं असेल, असं त्याने डायरीत लिहिलंय. तरी उतरला आणि दोन तास बसला. आदल्या वर्षी एप्समला जाऊन चार पाइंट, म्हणजे जवळपास दोन लिटर कडू पाणी प्यायला होता, आणि त्याचा परिणामही प्रामाणिकपणे नोंदवलाय.

सतराव्या शतकाच्या शेवटी बाथलाही अंघोळीपेक्षा पिण्यावर भर आला. गार झऱ्यांवर लोक पाणी प्यायला जातात मग आपण का मागे राहायचं, हा हिशोब त्यात नक्की असणार.

नाव चोरायचे का?

हो, सर्रास. लंडनला खेटून असलेल्या इस्लिंग्टनमध्ये १६८० च्या दशकात लोहाचे झरे निघाले. १६८३ मध्ये सॅडलर नावाच्या माणसाच्या बागेत विहीर सापडली आणि पुढच्याच वर्षी तिचे गुण सांगणारी पुस्तिका बाजारात. जवळच्याच दुसऱ्या झऱ्याने सरळ 'न्यू टनब्रिज वेल्स' हे नाव घेतलं. लंडनच्या माणसाला दिवसभर गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची गरज नाही, सकाळी चालत जाऊन पाणी पिऊन दुपारी दुकानावर परत. १७३३ मध्ये राजकन्या अमीलिया आणि कॅरोलाइन तिथे यायच्या तेव्हा गर्दी मावत नव्हती.

आपल्याकडे मिळतं ते एप्सम सॉल्ट त्याच एप्समचं का?

नाव तिथलंच, माल नाही. बागकामवाले झाडांना घालतात किंवा पाय दुखले की गरम पाण्यात टाकतात ते मॅग्नेशियम सल्फेट, त्याची जन्मकथा या चढाओढीत फार महत्त्वाची आहे.

१६१८ च्या दुष्काळात हेन्री विकर या गुराख्याला एप्समच्या माळावर एक डबकं दिसलं, गुरं तहानलेली असूनही तोंड लावेनात कारण पाणी कडू. पुढे लंडनकरांची जुलाब घ्यायची आवडती जागा तीच झाली. मग नेहेमाया ग्रू, वनस्पतिशास्त्रात मोठं नाव असलेला डॉक्टर, याने त्या पाण्यातलं मीठ वेगळं काढून १६९५ मध्ये लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं आणि १६९८ मध्ये ते मीठ बनवायचं पेटंट मिळवलं. पण मोल्ट बंधू, त्यातला फ्रान्सिस औषधविक्रेता, यांनी ग्रूला न विचारता त्याच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतरच छापलं आणि स्वतःचं मीठ विकायला लागले. १७०० मध्ये त्यांना लंडनजवळ शूटर्स हिलला दुसरा झरा मिळाला, तिथे मीठ भरपूर निघायचं. ग्रूचा जीव नक्कीच तळमळला असेल.

एप्सम गावाचं नुकसान तर उघडच आहे. कडू झऱ्याचा गुण पुडीत मिळायला लागल्यावर मुक्कामाला कोण जाणार? अठराव्या शतकात स्पा म्हणून ते गाव मागे पडत गेलं, याला फॅशन बदलली वगैरे इतर कारणंही आहेत, पण पुडीचा वाटा मोठा असं मला वाटतं.

बाटलीबंद पाणी तेव्हाही होतं?

होतं आणि खूप लांब जायचं. स्पाचं पाणी बाटल्यांतून लंडनला यायचं. १७१७ मध्ये रशियाचा पीटर द ग्रेट स्पाला आला, बरं वाटल्याचं सर्टिफिकेट त्याच्या डॉक्टरने लेखी दिलं, आणि झारने नंतर आठवण म्हणून संगमरवरी फलक पाठवला. स्पाचं नशीबच उघडलं.

पण त्याच सुमाराला समोर उभं राहिलं पिर्मोंट. हे जर्मनीतलं, हानोवरच्या जवळचं. १५५६ मध्येच तिथे काही आठवड्यांत दहा हजारांच्या आसपास माणसं लोटली होती म्हणतात, जंगलात छावणीच. १७१४ मध्ये हानोवरचा जॉर्ज इंग्लंडचा राजा झाला, तो १७१६ ला पिर्मोंटला जाऊन राहिला, आणि १७१७ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो फ्रेडरिक स्लेअर यांनी पुस्तक छापून पिर्मोंट स्पापेक्षा सरस असल्याचं सांगितलं. राजाच्या पसंतीचं पाणी म्हटल्यावर लंडनमध्ये मागणी वाढणारच.

दोन्ही पाणी लोहाची आणि गॅसची, त्यामुळे दोघांचीही अडचण तीच, बूच सैल तर बाटलीत गंज आणि वरती साधं पाणी. इथे तिसराच बाजी मारून गेला, जर्मनीतलाच सेल्टर्सचा झरा. त्या पाण्यात गॅस आणि सोडा जास्त पण लोह नगण्य, म्हणून प्रवासात ते बिघडत नसे. मातीच्या भाजलेल्या बरण्यांमधून ते जगभर गेलं, अठराव्या शतकाच्या शेवटी वर्षाला लाखो बरण्या, आणि पैसा ट्रियरच्या राजबिशपच्या खजिन्यात.

पुराणं-इतिहासाचा दाखला देऊन भांडायचे का?

हो! रोमन लेखक प्लिनीने टुंग्री लोकांच्या प्रदेशातला एक बुडबुडे येणारा, लोखंडाच्या चवीचा, ताप आणि खडा बरा करणारा झरा वर्णन केलाय. स्पावाले म्हणायचे तो आमचा, बेल्जियममधल्याच टोंगरेन गावचे लोक म्हणायचे नावच सांगतंय की आमचा. कागदपत्र वाचून काढणारे विद्वान दोन्ही बाजूंनी. आपल्याकडे एकाच प्राचीन स्थळावर दोन-तीन गावं हक्क सांगतात ते आठवतं.

खरंच गुण यायचा का, की सगळी थाप?

थाप म्हणणं अन्यायाचं होईल. रक्त कमी असलेल्या बाईला लोहाचं पाणी महिनाभर मिळालं तर बरं वाटू शकतं. एप्समचं पाणी पोट साफ करायचंच. आणि बाथचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. तिथल्या हॉस्पिटलमध्ये हातपाय लुळे पडलेले पुष्कळ रोगी यायचे, त्यातले बरेच शिशाच्या विषबाधेचे, रंगारी, नळकाम करणारे, आणि शिसं लागलेल्या यंत्रातली सफरचंदाची दारू पिणारे. गळ्यापर्यंत पाण्यात बराच वेळ बसलं की लघवीवाटे शिसं जास्त बाहेर पडतं, हे विसाव्या शतकात तपासून बघितलंय. म्हणजे ते लोक सुधारायचे ते खरोखरच सुधारायचे, फक्त त्यात खनिजांपेक्षा बसून राहण्याचा वाटा जास्त होता.

ते हॉस्पिटल १७४२ मध्ये देशभरातल्या गरिबांसाठी उघडलं. डॉक्टर विल्यम ऑलिव्हर, ज्यांच्या नावाची बिस्किटं पुढे प्रसिद्ध झाली, ते तिथले मुख्य. बाथच्याच रहिवाशांना मात्र प्रवेश नव्हता, आणि बाहेरून येणाऱ्याकडून परतीच्या प्रवासासाठी, किंवा गेलाच तर पुरण्यासाठी, आधी पैसे ठेवून घ्यायचे.

कोणी बाथच्या विरोधात उघड बोललं का?

दोघं तरी ठळक. टोबायस स्मॉलेट, पेशाने डॉक्टर आणि कादंबरीकार, याने १७५२ मध्ये लिहिलं की अंघोळीपुरतं बोलायचं तर साधं पाणीही तितकंच चांगलं. हॉस्पिटलमधून काढून टाकलेल्या क्लेलंड या सर्जनची बाजूही त्याने घेतली. मग १७५६ मध्ये चार्ल्स लुकस या आयरिश डॉक्टरने बाथच्या पाण्यात लोक म्हणतात तसं गंधक नाहीच असं मांडलं. गावातल्या डॉक्टरांनी त्याच्याबरोबर पेशंट बघायलाच नकार दिला, आणि तो सगळा पत्रव्यवहार त्याने छापून टाकला. गावाची रोजीरोटी ज्या पाण्यावर, त्या पाण्याबद्दल खरं बोलायला धाडस लागतं.

स्पर्धेतून क्रांती झाली असं वाचलं, हे काय प्रकरण?

हे स्पा गावातलंच. तिथे पाण्याबरोबर जुगार मोठा झाला होता. १७६३ पासून रेदूत आणि १७७० च्या सुमाराला व्हॉक्सहॉल, ही दोन जुगारगृहं राजबिशपच्या परवान्यावर चालायची आणि नफ्यातला वाटा त्याला जायचा. १७८५ मध्ये नोएल-जोसेफ लेव्होझ याने तिसरं उघडलं आणि सवाल केला, राजबिशपला लोकप्रतिनिधींच्या संमतीशिवाय असा मक्ता द्यायचा अधिकार आहेच कुठे? १७८७ मध्ये राजबिशपने सैनिक आणि तोफा पाठवून ते बंद पाडायचा प्रयत्न केला. खटला पवित्र रोमन साम्राज्याच्या न्यायालयात गेला, लीएजमध्ये दोन तट पडले, आणि १८ ऑगस्ट १७८९ ला लीएजची क्रांती झाली. कारणं इतरही होती, महागाई, कर, पॅरिसच्या बातम्या, पण ठिणगी जुगारगृहाच्या मक्त्याची.

सोडा वॉटरचा याच्याशी काय संबंध?

अगदी थेट. जोसेफ प्रिस्टली लीड्सला दारूच्या भट्टीशेजारी राहत होता, आंबवणाच्या पिंपावर जमणारा वायू त्याने पाण्यात मिसळून बघितला. १७७२ मध्ये त्याने छोटी पुस्तिका छापली, तिच्या लांबलचक नावातच पिर्मोंटच्या पाण्याचा खास गुण साध्या पाण्यात कसा आणायचा असं लिहिलंय. ज्या 'आत्म्या'साठी शंभर वर्षं भांडणं झाली तो घरच्या घरी बनवता येऊ लागला. स्वीडनमध्ये टोर्बर्न बेर्गमन आजारपणात सेल्टर्सचं पाणी प्यायचा, आयात माल महाग पडायचा म्हणून त्यानेही कृत्रिम पाणी तयार केलं. याकोप श्वेप याने १७८३ मध्ये जिनिव्हात त्याचा धंदा उभा केला आणि १७९२ मध्ये लंडनला आला, बाटलीवरचं ते नाव आजही आहे.

आज यातलं काय बघता येतं?

बाथच्या पंप रूममध्ये ग्लासभर पाणी मिळतं, मी प्यायलेय, कोमट आणि जरासं धातूसारखं लागतं. मोठ्या रोमन कुंडात आता उतरू देत नाहीत, १९७८ मध्ये तिथल्या पाण्यातल्या अमीबामुळे एक मुलगी दगावली, नंतर नव्या बोअरमधून पाणी घेऊन २००६ मध्ये वेगळं स्नानगृह सुरू झालं. बक्स्टनला सेंट ॲनच्या विहिरीवर लोक कॅन घेऊन फुकट पाणी भरतात. टनब्रिजचा झरा पँटाइल्स या जुन्या बाजाररस्त्याच्या टोकाला आहे, हॅरोगेटला गंधकाच्या विहिरीवर म्युझियम आहे आणि वास अजून तसाच. एप्समची विहीर हल्ली घरांच्या कॉलनीच्या मधोमध आहे.

२०२१ मध्ये युनेस्कोने युरोपातल्या सात देशांमधली अकरा स्पा गावं जागतिक वारसा यादीत घातली. त्यात स्पा आहे, बाथ आहे, फ्रान्सचं विशी आहे. पिर्मोंट, हॅरोगेट आणि टनब्रिज वेल्स त्या यादीत नाहीत.